दोन लाख किलोमीटर झालेली गाडी घ्यावी का: नावावर करण्याची प्रक्रिया, पात्रता आणि अडणारे कागद

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, आणि पुन्हा कापसाचे पैसे हाती आल्यावर, जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत जुन्या चारचाकींचे व्यवहार वाढतात. घेणारा बॉनेट उघडून पाहतो, मीटरवरचा आकडा वाचतो, ओळखीच्या मिस्त्रीला एक फेरी मारायला लावतो आणि इसार देऊन टाकतो. कागद त्यानंतर मागवले जातात. लोकांचे अर्ज भरून देताना मला जे नकार पाहावे लागले, त्यांतले बहुतेक या उलट्या क्रमातून आलेले होते. इंजिनाचे काम पैसे घालून करून घेता येते. ज्या गाडीचा नोंदणीकृत मालक हयात नाही, किंवा जिच्यावरचा कर्जाचा बोजा उतरलेला नाही, ती मात्र पूर्ण किंमत मोजूनही आपल्या नावावर होत नाही.

किलोमीटरच्या आकड्याला घाबरण्याआधी त्याला गाडीच्या वयाने भागून पाहावे. जळगावहून धुळ्याला रोज जाऊन येणारा माणूस दिवसाला सुमारे 180 किलोमीटर चालवतो. वर्षाचे 300 दिवस धरले तर 54,000 आणि चार वर्षांत दोन लाखांच्या वर. महामार्गावर एका वेगाने चाललेली आणि वेळेवर तेल बदललेली अशी गाडी, बारा वर्षांत 90,000 किलोमीटर गल्लीबोळांत फिरलेल्या गाडीपेक्षा पुष्कळदा बरी निघते. परंतु हे सिद्ध करणारा कागद हवा. मीटर मागे फिरवता येते, म्हणून सर्व्हिसिंगची जुनी बिले मागावीत, कारण त्यांवर तारखेसह किलोमीटर लिहिलेले असतात. 2021 च्या बिलावर 1,40,000 आणि आज मीटरवर 1,10,000 दिसत असतील, तर पुढे बोलणेच नको. एकही बिल दाखवता येत नसेल, तर मीटरवरचा आकडा खरा न धरता किंमत ठरवावी.

गाडी हस्तांतरणास पात्र आहे का, हे इसार देण्यापूर्वी परिवहन खात्याच्या ‘वाहन’ पोर्टलवर पाहता येते. नोंदणी आणि विमा चालू असावा, पीयूसी (प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र) मुदतीत असावी, ई-चलनाची थकबाकी नसावी आणि गाडी काळ्या यादीत नसावी. 1 एप्रिल 2019 पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली नसेल तर राज्यात तिचे हस्तांतरण अडवले जाते. हे काम विकणाऱ्यानेच आधी करून द्यावे, असे स्पष्ट सांगावे. चेसिस नंबर, म्हणजे सांगाड्यावर कोरलेला क्रमांक, स्वतः गाडीवर वाचून आरसीशी (नोंदणी प्रमाणपत्राशी) अक्षरन् अक्षर ताडून पाहावा. जुन्या गाडीवर तो गंजलेला असतो, आणि वाचता न येणाऱ्या नंबरावर तपासणीच्या वेळी अर्ज थांबतो.

सर्वाधिक चुकीची वाचली जाणारी तारीख नोंदणीच्या मुदतीची आहे. खासगी गाडीची नोंदणी पहिल्या नोंदणीच्या दिवसापासून 15 वर्षे चालते. गाडी नव्या मालकाच्या नावावर झाली म्हणून ही 15 वर्षे पुन्हा सुरू होत नाहीत, तरी असे समजून गाडी घेतलेले लोक दरवर्षी भेटतात. मुदत संपल्यावर गाडी तपासणीस न्यावी लागते आणि नूतनीकरण पाच वर्षांसाठी मिळते. या पहिल्या नूतनीकरणाचे केंद्रीय शुल्क 1 एप्रिल 2022 पासून चारचाकीसाठी 600 रुपयांवरून 5,000 रुपये झाले आहे, त्यावर राज्याचा पर्यावरण कर वेगळा, आणि उशीर झाल्यास दरमहा 500 रुपये जादा. मुदत संपून 14 महिने झालेली गाडी स्वस्तात मिळत असेल, तर केवळ उशिराचे 7,000 रुपये त्या किमतीत मिळवूनच ती स्वस्त आहे का ते ठरवावे.

प्रत्यक्ष अर्ज साधा आहे. फॉर्म 29 हा विक्रीची सूचना देणारा, फॉर्म 30 हा हस्तांतरणाचा. सोबत आरसी, विमा, पीयूसी, दोघांची ओळखपत्रे, घेणाऱ्याच्या पत्त्याचा पुरावा आणि पॅन. अर्ज पोर्टलवर भरून शुल्कही तेथेच भरायचे असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 नुसार राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत कळवायचे असते. हे दिवस व्यवहाराच्या तारखेपासून मोजले जातात. कागद हाती आल्यापासून किंवा शेवटचा हप्ता दिल्यापासून नव्हे.

अडते ते ओटीपीवर. ऑनलाइन अर्जात विकणाऱ्याच्या नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी जातो, आणि दहा-बारा वर्षांपूर्वीचा तो क्रमांक बहुधा बंद पडलेला असतो. आधारवरचा पत्ता एक, आरसीवरचा दुसरा आणि नावाचे स्पेलिंग तिसरेच, असेही होते. आरटीओच्या खिडकीवर यातली एक वेळी एकच त्रुटी सांगितली जाते, ती दुरुस्त करून आणल्यावर दुसरी, आणि शिरपूर किंवा शहाद्याहून मजुरी बुडवून आलेल्या माणसाचे तीन दिवस त्यात जातात. सगळ्या त्रुटी एकाच कागदावर लिहून देणे अवघड नाही. ते होत नाही, याचे वाईट वाटते. तोपर्यंत मोबाइल क्रमांक आणि नाव विकणाऱ्याकडूनच आधी दुरुस्त करून घ्यावे, त्यानंतर पैसे द्यावेत.

सह्या केलेले कोरे फॉर्म घेऊन गाडी नेऊ नये. अशी गाडी तीन हात फिरते आणि नोंदीत पहिलाच मालक राहतो. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, गाडी अनेकांना विकली गेली असली तरी ज्याच्या नावावर नोंदणी आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक धरला जातो. म्हणजे ही सावधगिरी विकणाऱ्याच्याही हिताची आहे. गाड्या विकणारा व्यापारी मध्ये असेल तर त्याचे अधिकारपत्र मागावे. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना परिवहन खात्याचे अधिकारपत्र घ्यावे लागते आणि गाडी ताब्यात आल्याची सूचना द्यावी लागते.

कर्जाच्या बाबतीत ‘हप्ते फिटले’ या शब्दावर विसंबू नये. बँकेचे ना-हरकत पत्र आणि बँकेची सही-शिक्का असलेला फॉर्म 35, दोन्ही लागतात, आणि आरसीवरून बोजा उतरल्याची नोंद दिसली पाहिजे. कर्ज देणारी संस्था दुसऱ्या संस्थेत विलीन झाली असेल तर पत्र मिळवण्यात महिने जातात. ते काम घेणाऱ्याने अंगावर घेऊ नये.

वडिलांच्या नावावरची गाडी मुलगा विकत असेल तर अधिक जपावे. मालकाच्या निधनाची माहिती वारसाने 30 दिवसांत द्यायची असते आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. ते झाल्याशिवाय त्याला विक्री करता येत नाही, आणि इतर वारसांची संमती नसेल तर त्याच्याही नावावर होत नाही. बहीण सासरी आहे, तिची सही कशाला, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. तीही वारस आहे. तिची सही लागते.

सुरतेत नोकरीला असलेल्या नातेवाइकांमार्फत गुजरातची गाडी आणणे आपल्याकडे नित्याचे आहे. येथे दोन मुदतींची गल्लत होते. परराज्यातील क्रमांकाची गाडी 12 महिन्यांहून अधिक काळ ठेवायची असेल तर नवा क्रमांक घ्यावा लागतो, हा नियम वेगळा. मालकी बदलली असेल तर घेणाऱ्याचे 30 दिवस तसेच लागू राहतात, आणि विकणाऱ्याला त्याच्या आरटीओ कार्यालयाचे फॉर्म 28 चे ना-हरकत प्रमाणपत्र 45 दिवसांच्या आत द्यावे लागते. तेथे भरलेला आजीवन कर महाराष्ट्रात चालत नाही. येथे तो गाडीच्या वयानुसार नव्याने भरावा लागतो, आणि तिकडचा परतावा तिकडेच, ज्याने भरला त्याला मागावा लागतो. सुरतेतली किंमत आणि साक्रीतली किंमत यांची तुलना हा कर मिळवल्यावरच करावी.

विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी 14 दिवस आहेत. तृतीय पक्षाचे, म्हणजे अपघातात दुसऱ्याच्या नुकसानीचे संरक्षण गाडीबरोबर येते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण मात्र पॉलिसी आपल्या नावावर झाल्याशिवाय मिळत नाही. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, जुन्या मालकाकडेच राहतो, त्यामुळे फरकाची रक्कम भरावी लागते. ताबा घेताना दोघांच्या सहीची पावती करावी आणि तीवर तारखेबरोबर वेळ व मीटरवरचे किलोमीटरही लिहावेत. त्या दिवशी दुपारपर्यंतचे चलन कोणाचे, हा वाद त्या एका ओळीने मिटतो.