हिमाखाली मेलेलं गवत आणि बर्फाखाली मेलेलं गवत

मराठीत आपण दोन्हीला बर्फच म्हणतो. आभाळातून पिंजलेल्या कापसासारखं पडतं तेही बर्फ आणि रसवंतीवर गोणपाटात गुंडाळून फोडतात तेही बर्फ. ‘हिम’ हा शब्द आपल्याकडे आहे, पण बोलण्यात तो क्वचितच येतो, कारण त्यावाचून आपलं काही अडत नाही. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, आइसलँड इथे गवत सांभाळणाऱ्या माणसाचं मात्र पदोपदी अडतं. तिथल्या गोल्फ कोर्सवरचं गवत हिवाळ्यात मुख्यतः दोन तऱ्हांनी मरतं. एक हिमाखाली, बुरशीने. दुसरं बर्फाखाली, श्वास कोंडून. नॉर्वेत पहिल्याला ‘स्नोमुग’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘इसब्रान’, म्हणजे शब्दशः बर्फाने भाजणं. वसंतात वरचं सगळं वितळलं की दोन्हीकडे लांबून सारखंच दिसतं: तपकिरी, जमिनीला चिकटलेलं, मेलेलं गवत. पुढे भुसभुशीत असेल त्याला मी हिम म्हणेन आणि घट्ट, काचेसारखं असेल त्याला बर्फ.

अशी गफलत आपल्या शेतकऱ्याला नवी नाही. तुरीचं झाड वाळलं तर ते मर रोगाने की पाणी तुंबून, हे बांधावरून सांगता येत नाही. खोड उभं चिरलं आणि आत काळपट-तपकिरी पट्टे दिसले तर मर. जमिनीला कित्येक दिवस वापसाच नसेल तर मुळं गुदमरलेली. पहिल्यात जमिनीत बुरशी असते, दुसऱ्यात चर काढायचा राहिलेला असतो. निदान चुकलं तर औषधाचा खर्चही जातो आणि तूरही. नॉर्डिक, म्हणजे या उत्तर युरोपीय देशांतल्या गोल्फच्या ग्रीनवर हेच घडतं. औषध तिथे उगाच फवारलं तर ते जमिनीत आणि पाण्यात उगाच गेलं, याची चिंता तिथले संशोधक मनापासून करतात, आणि मला ती पटते.

ग्रीन म्हणजे गोल्फच्या मैदानातला तो छोटा, गुळगुळीत तुकडा, जिथे चेंडू भोकात ढकलतात. तिथलं गवत हंगामात रोज किंवा एक दिवसाआड कापून ३ ते ५ मिलिमीटर ठेवतात. इतकं खुरटलेलं गवत अन्न कमी बनवतं आणि साठवतंही कमी. त्यात ६० अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे साधारण ऑस्लोच्या रेषेत, डिसेंबरअखेर भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या जेमतेम साडेसहा अंश वर येतो. दक्षिणेला उंच झाडं असतील तर शरदातच ग्रीनवरचा प्रकाश तुटतो. थंडीला तोंड देण्याची तयारी गवत याच दिवसांत करतं. तापमान पाच अंशांच्या खाली उतरलं आणि ऊन मिळत राहिलं तर ते बुडख्यात फ्रुक्टान नावाची साखर साठवतं. हिवाळ्याची शिदोरीच ती. ती अपुरी असेल तर हिमही मारतं आणि बर्फही.

हिम तसं गवताचं पांघरूण आहे. ताज्या हिमात बहुतांश हवाच असते, त्यामुळे बाहेर उणे वीस असलं तरी जाड हिमाखाली तापमान शून्याच्या जवळपास राहतं आणि हवेची ये-जा चालू राहते. पण शून्याच्या आसपासची ऊब, ओल आणि काळोख नेमक्या हव्या असलेल्या बुरश्याही आहेत. जमीन गोठण्याआधीच जाड हिम पडलं तर त्यांचं फावतं. गवत खाली जागं राहून शिदोरी संपवत जातं आणि बुरशी आरामात पसरते.

सगळ्यात त्रासदायक मायक्रोडोकियम निव्हाले. तिचे डाग वाटोळे असतात, कडेला गुलाबी-तांबूस झाक असते. तिला हिमाची गरज नसते, ही तिची वाईट खोड. ओल्या, थंड शरदात ती उघड्या ग्रीनवरही येते. टायफुला गटातल्या बुरश्यांना मात्र लांबलचक, दोन-तीन महिन्यांचं हिम लागतं. त्यांचे डाग करडे, वाळल्या पेंढ्यासारखे असतात आणि मेलेल्या पानांवर मोहरीच्या दाण्यासारख्या बारीक गाठी सापडतात. गाठी तांबूस-तपकिरी असतील तर टायफुला इनकार्नाटा, काळपट आणि आणखी बारीक असतील तर टायफुला इशिकारिएन्सिस. दुसरीचं नाव जपानमधल्या होक्काइदो बेटावरच्या इशिकारी भागावरून आलं आहे. हिमाळ प्रदेशांची दुखणी एकमेकांना ओळखतात. टायफुला बऱ्याचदा पानंच खाते, बुडखा वाचतो आणि ग्रीन उन्हाळ्याच्या तोंडावर आपोआप भरून येतं. मायक्रोडोकियमकडून एवढ्या दयेची खात्री धरता येत नाही.

बर्फाची गोष्ट वेगळी आहे, आणि मला ती जास्त समजून घ्यावीशी वाटते, कारण तिच्यात मारणारा कोणी जीवच नसतो.

गोठलेल्या जमिनीवर पाऊस पडला, किंवा दिवसा वितळलेलं हिम रात्री पुन्हा गोठलं, की ग्रीनच्या सखल भागात काचेसारखा थर बसतो. खाली जमीन गोठलेली असल्याने पाणी निचरत नाही. घट्ट बर्फातून वायूची ये-जा जवळजवळ बंद होते. गवत मंद का होईना श्वास घेत असतं आणि मातीतले सूक्ष्मजीवही घेत असतात. मेलेल्या काड्यामुळ्यांचा थर, ज्याला तिकडे थॅच म्हणतात, तो जाड असेल तर प्राणवायू आणखी लवकर संपतो. मग गवत प्राणवायूविना आंबवण्याच्या मार्गाने ऊर्जा काढू लागतं. त्यातून अल्कोहोल आणि लॅक्टिक आम्ल तयार होतं, कार्बन डायऑक्साइड साचतो, मातीतले काही जीवाणू ब्युटिरिक आम्ल सोडतात. या रीतीने साखर झपाट्याने खर्च होते आणि ऊर्जा थोडीच मिळते. शेवटी शिदोरी संपते किंवा साचलेलं विष बुडख्याला मारतं. थरात भोक पाडलं की खवट तुपासारखा कुबट वास येतो तो याच आम्लाचा. तो वास आला की काळजी करायची वेळ झालेली असते.

इथे दिवस मोजावे लागतात. पोआ ॲन्युआ, म्हणजे जुन्या ग्रीनवर न बोलावता येऊन बसणारं वर्षायू गवत, अशा थराखाली साधारण दोन महिन्यांत संपतं. क्रीपिंग बेंटग्रास तीन-चार महिने तग धरतं. रेड फेस्क्यू या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतं. नॉर्वेत म्योसा सरोवराजवळच्या अपेल्सवोल संशोधन केंद्रावर ग्रीनच्या गवतांवर बर्फाचे आणि प्लास्टिकचे थर ठेवून प्रयोग झाले. तिथल्या कामात व्हेल्व्हेट बेंटग्रास सगळ्यांत चिवट ठरलं. आइसलँडमध्ये हा प्रश्न गोल्फच्या कितीतरी आधीचा आहे. तिथे गायी-मेंढ्यांसाठी राखलेली गवताची कुरणं बर्फाखाली मरत आणि त्यासाठी ‘काल’ असा स्वतंत्र शब्दच आहे. गुदमरणाऱ्या गवताचा अभ्यास आधी चाऱ्यासाठी झाला, खेळासाठी नंतर.

आता दोन्ही समोर असतील तर ओळखायचं कसं? मी आधी आकार बघायला सांगेन. बुरशी गोल काढते, कारण ती एका ठिकाणाहून चहूकडे पसरते. बर्फ पाण्याचा नकाशा काढतो: मेलेला भाग ग्रीनच्या खोलगट जागी, उतारावरून पाणी जिथून वाहतं त्या रेषेत, कडेच्या उंचवट्याने पाणी अडतं तिथे. मागच्या पावसाळी दिवशी डबकी कुठे साचली होती ते आठवलं की बऱ्याचदा उत्तर मिळतं. मग गुडघे टेकून पानं बघायची. धागे, गुलाबी कडा, गाठी दिसल्या तर बुरशी. पानं नुसतीच तपकिरी, बुडखा मऊ आणि पाणचट, माती काळपट आणि वासाची, तर बर्फ. एक अडचण मात्र आहे. बर्फाने मेलेल्या गवतावरही मागाहून बुरशी चढते, मेलेल्या बैलावर माशा बसाव्यात तशी. म्हणून धागे दिसले की थेट बुरशीवर खापर फोडू नये. आधी मेलेल्या भागाचा नकाशा बघावा. याशिवाय एक तिसरंही मरण आहे. वितळणीच्या दिवसांत बुडखा पाणी पिऊन फुगतो आणि अचानक कडक थंडी पडली की आतलं पाणी गोठून पेशी फाटतात. तेही सखल भागातच दिसतं, पण त्याला कुबट वास नसतो.

चुकीच्या निदानाची शिक्षा पुढच्या शरदात मिळते. हिमाच्या बुरशीवर रसायन फवारायचं तर ते हिम पडण्याआधी. वसंतात मेलेल्या डागावर फवारून काही हाती लागत नाही. म्हणजे यंदाच्या एप्रिलमध्ये ठरवलेलं कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या फवारणीत उतरतं. बर्फाने मारलेल्या ग्रीनला बुरशीने मारलं असं कोणी ठरवलं तर पुढच्या शरदात तो एक जादा फवारा मारेल, गवत पुन्हा बर्फाखाली गुदमरेल, आणि त्याला वाटेल औषध कमी पडलं.

ही चूक परवडण्याचे दिवसही गेले. कीडनाशकांच्या वापराबाबत युरोपीय संघाचा २००९ चा निर्देश क्रीडांगणांचा नाव घेऊन उल्लेख करतो आणि तिथे रसायनं कमीत कमी वापरायला सांगतो. इप्रोडिऑन हे ग्रीनवर पूर्वी सर्रास वापरलं जाणारं बुरशीनाशक. त्याच्या मान्यतेचं नूतनीकरण संघाने २०१७ मध्ये नाकारलं. डेन्मार्कचे नियम त्याहून कडक. नॉर्डिक देशांच्या गोल्फ महासंघांनी २००६ मध्ये स्टर्फ नावाची संशोधन संस्था उभी केली. नॉर्वेच्या निबिओ या संशोधन संस्थेचं दक्षिण किनाऱ्यावरचं लांडविक केंद्र तिच्या कामाचं मोठं ठिकाण आहे. रोलर फिरवणं, अतिनील किरणांचा मारा, नत्राची मात्रा, गवतांच्या जाती अशा गोष्टी नॉर्डिक प्रयोगांत तपासल्या जातात. खेळाडूंच्या वर्गणीतून हे होतं, याचं मला अप्रूप आहे.

उपाय बघितले की दोन्हींचा झगडा उघड दिसतो. बुरशीसाठी शरदात पानांवरचं दव झाडून टाकायचं, दक्षिणेची झाडं विरळ करायची, नत्र बेताने द्यायचं, न गोठलेल्या जमिनीवर हिम फार दिवस राहू द्यायचं नाही. बर्फासाठी उतार सुधारायचा, कडेच्या उंचवट्यातून चर काढायचा, थॅच कमी करायचा. दोन्ही याद्या इथपर्यंत शेजारी नांदतात. हिवाळ्यात मात्र प्रश्न उभा राहतो: हिम हटवू की ठेवू? पाऊस येणार असेल तर हिम आधी हटवावं लागतं, नाहीतर त्याचा चिखल होऊन बर्फ बसतो. पण हटवलं आणि लगेच कडाका पडला तर गवत उघड्यावर गोठतं. काहीजण ग्रीनवर प्लास्टिक अंथरतात. पाणी आत जात नाही, बर्फ गवताला चिकटत नाही, पण हवाही जात नाही. खाली वारा खेळवायची सोय केली नाही तर आपणच बनवलेल्या बर्फाखाली गवत गुदमरतं, आणि ऊब धरली तर बुरशी येते. बर्फ बसलाच तर यंत्राने फोडतात किंवा ऊन शोषायला काळी वाळू टाकतात. तेही दिवसांचा हिशोब आणि पुढच्या आठवड्याची थंडी बघून.

हवामानाची उष्णता वाढते आहे म्हणून हा प्रश्न सुटेल, असं कोणाला वाटू शकतं. जिथे पूर्वी सलग हिम होतं तिथे आता पाऊस, गोठण, वितळण, पुन्हा पाऊस असं चालतं. टायफुलाला त्यात अवघड जातं. मायक्रोडोकियमला अडत नाही. आणि बर्फाचे थर वाढतात. म्हणून मला गवताच्या जातीचा मुद्दा सगळ्यांत मोलाचा वाटतो. पोआ ॲन्युआ बर्फालाही लवकर बळी पडतं आणि मायक्रोडोकियमलाही. ते ३ मिलिमीटरवर कापलं तरी बी टाकतं, आणि वसंतात मेलेल्या जागी थंड मातीत सगळ्यांत आधी तेच उगवतं. बेंटग्रासच्या बियाण्याला माती उबदार लागते. दरवर्षीच्या मरणातून ग्रीन असं दुबळ्या गवताच्याच हाती जात राहतं.

जाणता ग्रीनकीपर एप्रिलची वाट बघत नाही. जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत तो सखल भागातून आणि उंच भागातून मातीसकट एकेक गोळा कापून घेतो, कुठला कुठून काढला ते लिहितो आणि उबदार खोलीत खिडकीपाशी ठेवतो. आठ-पंधरा दिवसांत हिरवे कोंब आले तर बुडखा जिवंत आहे. उंचावरचा गोळा हिरवा आणि सखलातला तपकिरीच राहिला, तर कारण बहुधा बर्फ, आणि ते बाहेर सगळं पांढरंशुभ्र असतानाच कळलं. मग तो बेंटग्रासचं बियाणं मागवतो, माती तापवणारी आणि हवा खेळती ठेवणारी आच्छादनं बाहेर काढतो आणि नोंदवहीत ग्रीनच्या नकाशावर चर कुठे काढायचा तिथे रेघ मारतो.