जीआरईचे शब्द आणि आयईएलटीएसचे शब्द

अप्पा बळवंत चौकातून जीआरईच्या, म्हणजे परदेशी पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या परीक्षेच्या, शब्दांचं जाडजूड पुस्तक आणायचं, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत ते घोकायचं आणि त्याच भांडवलावर आयईएलटीएसला, म्हणजे इंग्रजी किती येतं हे तपासणाऱ्या परीक्षेलाही बसायचं, हा घोळ आता थांबायला हवा.

जीआरई तुम्हाला ठाऊकच आहे. व्हर्बलचे, म्हणजे भाषेच्या भागाचे २७ प्रश्न, ४१ मिनिटं, उत्तर समोरच्या पर्यायांतलं. सेंटेन्स इक्विव्हॅलन्समध्ये रिकाम्या जागी बसणारे आणि वाक्याचा अर्थ सारखाच ठेवणारे दोन शब्द सहांतून उचलायचे. निबंध असतो, पण त्याचे गुण वेगळे. थोडक्यात, शब्द ओळखला, त्याची छटा कळली की काम झालं. गुणांची पट्टी, निकालाची मुदत वगैरे फरक वेबसाइटवर पाहून घ्या. तिथे कोणी अडत नाही.

अडतात ते पुढे. आयईएलटीएसच्या रायटिंगमध्ये आणि स्पीकिंगमध्ये पर्याय नसतात. शब्द स्वतःच्या डोक्यातून यावा लागतो, आणि स्पीकिंग तर ११ ते १४ मिनिटांत आटोपतं. दोन्हींत २५ टक्के गुण ‘लेक्सिकल रिसोर्स’चे, म्हणजे शब्दसंपत्तीचे असतात. शब्द नुसता अवघड असून भागत नाही. तो तिथे नेमका बसतो का, शेजारच्या शब्दाशी त्याचं जमतं का, हे पाहिलं जातं.

‘अलेव्हिएट’ घ्या. यादीत अर्थ दिलेला असतो ‘कमी करणे’. मग पुण्याच्या वाहतुकीवर लिहिताना ‘अलेव्हिएट द व्हेइकल्स’ असं लिहिलं जातं. अलेव्हिएट होतं ते पेन, पॉव्हर्टी, कंजेशन, म्हणजे सोसावा लागणारा त्रास. वाहनं रिड्यूस होतात, आणि तिथे तोच साधा शब्द बरोबर आहे. आपण मराठीत मार खातो आणि कर्ज काढतो. ‘कर्ज खाल्लं’ म्हणणाऱ्याला दोन्ही शब्दांचे अर्थ माहीत असतात, तरी वाक्य चुकतंच.

‘प्लेथोरा’ला, म्हणजे ‘रेलचेल’ला, तर माझा ठाम विरोध आहे. ‘तुमच्या शहराबद्दल सांगा’ इतक्या साध्या प्रश्नाला ‘अ प्लेथोरा ऑफ कॉलेजेस’ हे उत्तर पाठ केलेलंच वाटतं. ‘सो मेनी’ म्हणा.

जीआरईचे शब्द घोकायची कार्डं मात्र फेकू नका. कार्डामागचा एकशब्दी मराठी अर्थ खोडा आणि लर्नर्स डिक्शनरीतून, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या शब्दकोशातून, त्या शब्दाचे दोन-तीन जोडीदार तिथे उतरवा. त्यांच्यासह एक वाक्य मोठ्याने बोलून पाहा. ‘पुसिलॅनिमस’ (भित्रा) यासारख्या शब्दाला तुमच्या बोलण्यात जागाच सापडत नसेल, तर तो जीआरईपुरताच ठेवा.