कोंडाळा गेला, ढीग राहिला : कोल्हापूरच्या गृहनिर्माण वसाहतींतल्या कचऱ्याची पार्श्वभूमी

कोल्हापुरातल्या गृहनिर्माण मंडळाच्या जुन्या वसाहतींत फिरताना ओल्या कचऱ्याचा हिरवा आणि सुक्याचा निळा अशा डब्यांची जोडी कुठे ना कुठे दिसते. निळ्यात खरकटं, हिरव्यात पाण्याच्या बाटल्या आणि दोन्हींच्या बुडाशी गाठ मारलेल्या पिशव्या. असं का, म्हणून विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं : लोकांना शिस्त नाही. हे उत्तर अपुरं आहे, आणि त्या घरांत राहणाऱ्यांवर अन्याय करणारंही आहे. हीच माणसं गणपतीत निर्माल्य वेगळं बांधून आणतात आणि बरोबर कुंडात टाकतात. मग रोजच्या कचऱ्याचं असं का होतं, याचं कारण या वसाहती कशा उभ्या राहिल्या त्यात शोधावं लागतं.

आधी जुन्या गावाकडे बघू. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, उत्तरेश्वर या भागांत दोन पिढ्यांपूर्वी घरातून बाहेर पडणारा कचरा म्हणजे राख, शेण, पालापाचोळा, भाजीची देठं. यातलं बरंचसं बाहेर पडतच नसे. राखेनं भांडी घासली जात. खरकटं आणि साली दारातल्या नाहीतर शेजारच्या म्हशीला जात. कोल्हापूर हे म्हशींचं गाव. गंगावेशीच्या कट्ट्यावर डोळ्यांदेखत धार काढून दूध देण्याची पद्धत आजही टिकून आहे, यावरून पूर्वी शहरात किती जनावरं असतील याचा अंदाज यावा. उरलेलं उकिरड्यावर पडे आणि पावसाळ्याआधी गाडीतून शेतात जाई. शेत काही लांब नव्हतं, पेठ संपली की ऊस सुरू व्हायचा.

या जुन्या व्यवस्थेचं गुणगान मात्र मी करणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेगनं या गावाला घेरलं तेव्हा दाटीवाटी आणि घाण यांची किंमत गावानं मोजली. शाहू महाराजांना लोकांना गावाबाहेर हलवावं लागलं. शिवाय मैला आणि केर उचलण्याचं काम ठरावीक जातींच्या माणसांवर लादलेलं होतं. त्यांच्या जगण्याची पाहणी करायला मुंबई राज्यानं १९४९ मध्ये बर्वे समिती नेमली. डोक्यावरून मैला वाहण्याविरुद्धचा कायदा यायला १९९३ उजाडलं आणि तो पुरेसा ठरला नाही म्हणून २०१३ मध्ये दुसरा करावा लागला. कचरा उंबऱ्याबाहेर टाकला की पुढचं दुसरं कोणीतरी बघेल, ही आपली पक्की समजूत तिथून आलेली आहे. ती एकट्या वसाहतीची नाही. बंगल्यांतही ती तितकीच मुरलेली आहे, फक्त तिथे उचलणारी बाई पगारी असते.

कोल्हापूरची नगरपालिका १८५४ ची. संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं. त्याच्या आदल्या वर्षीच्या कायद्यानं मुंबई राज्याचं गृहनिर्माण मंडळ अस्तित्वात आलं होतं. विलीनीकरणानंतर त्या मंडळाच्या योजनांना इथली वाट मोकळी झाली. १९५२ मध्ये केंद्राची औद्योगिक कामगारांसाठीची घरबांधणी योजना आली, १९५४ मध्ये अल्प उत्पन्न गटाची. डिसेंबर १९७७ मध्ये राज्यातली मंडळं एकत्र करून म्हाडा झाली आणि कोल्हापूर जिल्हा तिच्या पुणे मंडळाकडे गेला. तोवर, १९७२ च्या डिसेंबरात, नगरपालिकेची महानगरपालिका झालेली होती. पुढे वाल्मिकी-आंबेडकर आवास योजना आणि झोपडपट्टी पुनर्वसनाच्या योजनांतून आणखी इमारती आल्या.

या घरांनी हजारो कुटुंबांना पक्कं छत दिलं, हे आधी म्हणायला हवं. भाड्याच्या खोलीत तीन पिढ्या काढलेल्या माणसाला स्वतःच्या नावाचं दार मिळणं ही लहान गोष्ट नव्हे. पण नकाशा काढताना खोल्या, मोरी, संडास, पाण्याची टाकी यांची मोजणी झाली आणि कचऱ्याला जागा नेमायची राहिली. लिफ्ट नसलेली दोन-तीन मजल्यांची इमारत. तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात एक बादली ठेवायची म्हटली तरी पाय ठेवायला जागा उरत नाही. म्हैस खाली बांधता येत नाही, उकिरडा करता येत नाही, चूल गेल्यामुळे राखही नाही. पेठेत ज्या वाटांनी कचरा जिरत होता त्या सगळ्या एकदम बंद झाल्या, आणि त्यांच्या जागी आला इमारतीच्या कोपऱ्यावरचा एक कोंडाळा, म्हणजे कचऱ्याची सामाईक लोखंडी पेटी.

इथे एक मुद्दा सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते सगळ्या प्रश्नाचं मूळ त्यात आहे. दोन इमारतींच्या मधली जमीन कोणाची? महानगरपालिका ज्या १९४९ च्या अधिनियमानुसार चालते त्याच्या कलम ६३ मध्ये सार्वजनिक रस्ते आणि जागा झाडणं, तिथला केरकचरा उचलणं हे महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. ‘सार्वजनिक’ म्हटलं की वसाहतीच्या आतला रस्ता त्यात येतो का, हा वाद सुरू होतो. गृहनिर्माण मंडळानं वसाहत बांधायची, मग आतले रस्ते, गटारी, मोकळ्या जागा स्थानिक संस्थेकडे हस्तांतरित करायच्या, अशी रीत. हे हस्तांतरण रेंगाळलं की आतला रस्ता मंडळाच्या कागदावर राहतो आणि झाडू कामगार वसाहतीच्या तोंडापर्यंत येऊन थांबतो. इमारतींच्या सोसायट्या झाल्या तरी जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे ती सोसायटीच्या नावावर करून देणं, अनेक ठिकाणी वर्षानुवर्षं होत नाही. रहिवाशाचा हक्क दाराच्या आत संपतो आणि पालिकेचं कर्तव्य फाटकाबाहेर सुरू होतं. मधल्या पट्ट्याला, मागच्या बोळाला, पाण्याच्या टाकीशेजारच्या मोकळ्या प्लॉटला धनी नाही. कचरा अशीच बेवारस जागा शोधतो. एकदा तिथे पहिली पिशवी पडली की दुसरी टाकणाऱ्याला संकोच वाटत नाही.

आणि ती पिशवी टाकणारा वसाहतीतलाच असतो असंही नाही. कोंडाळा आपल्या दारात नको म्हणून प्रत्येक गल्ली भांडते. ज्यांचा आवाज चालतो त्यांच्या दारातून तो उठतो आणि ज्यांचा चालत नाही त्यांच्या भिंतीला येऊन लागतो. मग सकाळी कामावर निघालेला दुचाकीवाला जाता जाता पिशवी भिरकावतो, चिकनवाला रात्री पोतं आणून टाकतो, कुणी बाथरूम फोडलं की खरमाती तिथेच ओततो. सकाळी उठून तो ढीग बघणारा वसाहतीतला माणूस हळूहळू मनानं त्या जागेचा नाद सोडतो.

याच काळात कचराही बदलला. दूध पिशवीतून घरोघर येऊ लागलं. किराणा कागदी पुड्यातून प्लास्टिकमध्ये गेला. पूर्वी ओलं-सुकं एकत्र पडलं तरी कुजून खत व्हायचं, आता त्या ढिगाचं खतही होईना आणि भंगारही. मुंबईतल्या २००५ च्या महापुरानंतर राज्यानं पिशव्यांवर पहिले कडक नियम केले, २३ मार्च २०१८ ला मोठी बंदी आली. त्या अधिसूचनेत दुधाची रिकामी पिशवी परत दिली की ५० पैसे मिळावेत अशी तरतूद होती. ती नीट चालली असती तर वसाहतीतल्या पोरांनी एकही पिशवी गटारीत जाऊ दिली नसती, असं मला मनापासून वाटतं. पण पिशव्या परत घेण्याची साखळी काही उभी राहिली नाही.

डब्यांची कथा निराळीच आहे. १९९४ मध्ये सुरतेत प्लेग झाला, आपल्याकडे बीड जिल्ह्यातही रुग्ण सापडले आणि देशाला कचऱ्याची भीती वाटली. १९९६ मध्ये पर्यावरण कार्यकर्त्या अल्मित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, न्यायालयानं नेमलेल्या समितीनं १९९९ मध्ये अहवाल दिला आणि त्यातून २००० चे घनकचरा नियम आले. त्या नियमांत डब्यांचे रंग ठरले : कुजणाऱ्यासाठी हिरवा, पुनर्वापराच्या वस्तूंसाठी पांढरा, बाकीच्यासाठी काळा. एप्रिल २०१६ मध्ये नवे नियम आले आणि घरातच ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन प्रकार वेगळे करणं प्रत्येकावर बंधनकारक झालं. पुढच्याच वर्षी, जूनच्या पर्यावरण दिनाला, स्वच्छ भारत अभियानातून ओल्याला हिरवा आणि सुक्याला निळा असा दोन डब्यांचा प्रचार देशभर झाला. म्हणजे तीनांचे दोन झाले आणि पांढऱ्याचा निळा झाला. वसाहतीतल्या माणसानं कोणता रंग लक्षात ठेवायचा होता?

तिसऱ्या डब्याचं गळून पडणं सर्वांत जास्त बायकांना भोवलं. २०१६ च्या नियमांनी सांगितलं की सॅनिटरी पॅड, डायपर नीट गुंडाळून सुक्याच्याच डब्यात टाकावेत. दुसरीकडे टाकायचे तरी कुठे? हिरव्यात टाकले तर खत बिघडतं. घरात ठेवावं तर दोन खोल्यांत आठ माणसं. मग वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी संध्याकाळी अंधार पडल्यावर झाकण असलेल्या निळ्या डब्यात जाते. याला डब्याचा गैरवापर म्हणणाऱ्यांनी त्या बाईसमोर दुसरा कोणता मार्ग होता ते आधी सांगावं. त्या एका पुडीनं खालचा सगळा सुका माल वाया जातो हेही खरं आहे. आमटी लागलेला पुठ्ठा भंगारवाला घेत नाही, आणि पॅडशेजारची बाटली हातानं वेचायची वेळ ज्या बाईवर येते ती आजारी पडते.

कचरावेचक बायकांचा उल्लेख या सगळ्या इतिहासात फार कमी येतो. कोल्हापूरचं सुकं आजवर जे काही पुनर्वापरात गेलं त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. पुण्यात १९९३ मध्ये त्यांची कामगार पंचायत झाली आणि पुढे त्यांची स्वतःची सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करू लागली. कोल्हापुरात ‘अवनि’ या संस्थेनं वेचक महिलांना संघटित करण्याचं काम केलं. पण वसाहतींच्या डब्यांशी त्यांचं नातं रीतसर जोडलं गेलं नाही. त्यामुळे निळा डबा उपडा करून माल काढायचा आणि बाकीचं तिथेच सोडायचं, एवढंच त्यांच्या हाती उरलं. डबे जागेवर असायचे, त्यांच्यापुढची व्यवस्था नसायची.

नंतर धोरण बदललं. उघडे कोंडाळे हटवायचे आणि टिपर, म्हणजे कचऱ्याची गाडी, दारोदार फिरवायचा असं ठरलं. दिशा बरोबर होती. ढिगाऐवजी दारातून कचरा उचलणं केव्हाही चांगलं. पण टिपर गाणं वाजवत येतो तेव्हा वसाहतीतली बरीच दारं बंद असतात. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावला पहिल्या पाळीला जाणारा माणूस सातच्या आत घर सोडतो. धुण्या-भांड्याला जाणाऱ्या बायका त्याच्याही आधी. घरात उरते ती म्हातारी, जिला तिसऱ्या मजल्यावरून बादली घेऊन उतरणं झेपत नाही. टिपर दोन मिनिटं थांबतो आणि जातो. मग संध्याकाळी परतलेला माणूस पिशवी घेऊन खाली येतो आणि जिथे कोंडाळा होता त्याच जागी ठेवतो. लोखंडी पेटी गेली तरी जागेची सवय तशीच राहिली. ज्यांनी मन लावून ओलं-सुकं वेगळं केलं त्यांनी दोन्ही बादल्या एकाच हौद्यात पडताना कधीतरी पाहिल्या, आणि त्यानंतर घरात वेगळं करणं बंद झालं. एवढा एक अनुभव महिनाभराच्या प्रबोधनावर पाणी फिरवतो.

तक्रार कुठे करायची हेही मधल्या काळात अवघड झालं. वसाहतीत कचरा उठाव झाला नाही की नगरसेवकाला फोन जायचा आणि मुकादम धावत यायचा. नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढची कित्येक वर्षं कारभार प्रशासकाकडे राहिला. ज्यांच्या ओळखी होत्या त्यांचं काम होत राहिलं, बाकीचे थांबून राहिले.

शहराच्या दुसऱ्या टोकाला कसबा बावड्याची लाईन बझार आहे. सगळ्या शहराचा कचरा तिथे जाऊन साठत राहिला. खतनिर्मितीसाठी सुरू झालेला तिथला प्रकल्प लोक अजून ‘झूम’ याच नावानं ओळखतात. शहरातून रोज निघणारा कचरा दोनशे टनांच्या आसपास आहे. तो एकत्र पडल्यामुळे तिथे डोंगर झाला, डोंगराला आगी लागल्या आणि बावडेकरांनी वर्षानुवर्षं धूर सोसला. वसाहतीच्या निळ्या डब्यात पडलेलं खरकटं आणि बावड्याचा धूर यांचा थेट संबंध आहे. जे उचललं जात नाही ते गटारीतून जयंती नाल्यात आणि तिथून पंचगंगेत जातं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत पाणी चढलं तेव्हा नदीनं त्यातलं पुष्कळ आपल्या दारात आणून ठेवलं. २०१९ च्या पुरानंतर गाद्या, कपडे, फर्निचर यांचे रस्तोरस्ती लागलेले ढीग उपसायला हजारो हात पुढे आले. त्याच सुमारास शहरात दर रविवारी महास्वच्छता मोहिमा झाल्या, तालमी आणि मंडळं त्यात उतरली.

म्हणून निर्माल्याचं उदाहरण मी पुनःपुन्हा देतो. मूर्तिदान आणि निर्माल्यदानाची हाक इथल्या पुरोगामी चळवळीनं दिली तेव्हा झालेला विरोध थोडाथोडका नव्हता. पण ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या ठिकाणी कुंड ठेवलं गेलं, विसर्जनासाठी काहिली (गूळ करायच्या मोठ्या कढया) पाण्यानं भरून ठेवल्या गेल्या, इराणी खणीवर कार्यकर्ते उभे राहिले, आणि गोळा झालेल्या निर्माल्याचं खत होताना लोकांना दिसलं. नेमकी जागा, नेमकी वेळ, समोर माणूस आणि डोळ्यांना दिसणारा शेवट, या चारही गोष्टी तिथे होत्या. वसाहतीच्या डब्याला यातली एकही मिळालेली नाही.

आता कायद्याच्या अंगानं एक गाठ सुटायची आहे. २०१६ च्या नियमांनी ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या बंदिस्त वसाहतींवर कचरा जागेवरच वेगळा करण्याची आणि ओला शक्यतो आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकली. गृहनिर्माण वसाहतीचं एकूण क्षेत्र याच्या कितीतरी पुढे जातं. पण कागदावर ती वसाहत एक नसते. दहा-बारा इमारती, प्रत्येकीची वेगळी सोसायटी, काहींची नोंदणीच झालेली नाही. एकेक सोसायटी मोजली तर त्या नियमाच्या मर्यादेत कुणीच येत नव्हतं, आणि सामाईक जमीन अजून मंडळाच्या नावावर. खताचा हौद बांधायला जागा आहे, पाणी आहे, बागेला खतही हवं आहे. अर्जावर सही कोणी करायची हे मात्र ठरलेलं नाही. सोसायट्यांचा एक महासंघ नोंदवून मोकळी जागा त्याच्या ताब्यात मागणं, आणि हस्तांतरणाच्या करारात कचऱ्याची जागा, टिपरची संध्याकाळची फेरी व पॅडसाठी तिसरा डबा लिहून घेणं, हा एक रस्ता सहकार कायद्यात आजही मोकळा आहे.