पेशींचे फोटो काढून पेशी निवडणारी मशिनं: आकड्यावर भुलू नका

बेळगावात कुठल्याही लॅबमध्ये सीबीसीला रक्त दिलं की मशीन पेशी मोजून देतंय, पण मोजणं वेगळं आणि हवी तीच पेशी जिवंत बाजूला काढणं वेगळं. हे दुसरं काम करणारा सॉर्टर अमेरिकेतल्या मॅक फुलवायलरनं १९६५ साली दाखवला, पुढं स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या हर्झेनबर्गनी त्यात लेझर आणि पेशींना लावायचे चमकणारे रंग आणले. पेशी एकामागोमाग लेझरसमोरून जातात, थेंबात अडकतात, हव्या त्या थेंबाला विजेचा चार्ज देऊन वळवायचं. सेकंदाला हजारो! फक्त हे मशीन पेशी बघत नाही, उजेड किती आला तेवढंच मोजतंय, रंग केंद्रकात आहे का बाहेर ते त्याला कळायचं नाही.

म्हणून फोटो. खानापूरकडं राईस मिलमध्ये सॉर्टेक्स बघितलाय न्हवं, कॅमेरा काळा दाणा हेरतो आणि हवेचा झोत त्याला उडवतो, तसंच हे, पण दाणा ७-८ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या ७-८ पट! पेशी सेकंदाला १ मीटर पळत असेल तर १ मायक्रोसेकंदात १ मायक्रॉन सरकते, म्हणजे शटर १० मायक्रोसेकंद उघडं राहिलं की फोटोत नुसता पट्टा. शटर लवकर मिटवावं तर उजेड पुरत नाही, चमक मुळातच मंद असते.

२०१८ मध्ये टोकियोचे संशोधक गोदा यांच्या टीमनं फोटो काढून, एआयकडनं तपासून, ३२ मिलिसेकंदात निर्णय घेणारं मशीन दाखवलं, पण वेग सेकंदाला १०० पेशींच्या आसपास. २०२२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गच्या ईएमबीएल या संशोधन संस्थेनं सॉर्टर बनवणाऱ्या बीडी कंपनीबरोबर सेकंदाला १५,००० पर्यंत मजल मारली, तिथं कॅमेराच नाही, लेझरच्या प्रत्येक ठिपक्याला वेगळी रेडिओ फ्रिक्वेन्सी देतात आणि त्यावरून चित्र जुळवतात. भारी डोकं लावलंय, पण घाईत एवढ्या पेशी तपासायच्या म्हणजे चित्रातल्या मोजक्याच खुणांवर निर्णय घ्यावा लागतो.

मग चांगलं कुठलं? हवी ती पेशी लाखात १ असेल तर १०० च्या वेगानं ती एकदा दिसायला सरासरी १७ मिनिटं लागतात, १५,००० च्या वेगानं ७ सेकंद. पण मशीन नको त्या पेशींतल्या १ टक्का जरी चुकून उचलत असेल तर त्या एका खऱ्या पेशीमागं नळीत हजारभर चुकीच्या पडणार, मग वेग घेऊन करायचं काय? त्यामुळं ब्रोशरमधला सेकंदाचा आकडा नंतर बघा. आधी हे विचारा, की सॉर्ट केलेल्या नळीतला थोडा माल परत मशिनमधून घालून तपासला तर किती शुद्ध निघतो, चांगल्यातल्या किती वाया गेल्या आणि उरलेल्यातल्या जिवंत किती.