फाटक नसलेलं जंगल: विदर्भातल्या गावाशेजारच्या रानाची पार्श्वभूमी

ताडोब्याला जायचं तर आधी ऑनलाइन बुकिंग, मग फाटक, जिप्सी, गाईड आणि आत शिरण्याची-बाहेर पडण्याची ठरलेली वेळ. त्याच चंद्रपूर जिल्ह्यात मूल किंवा सिंदेवाहीकडच्या एखाद्या गावात एसटीतून उतरलं, की धानाच्या बांध्या संपतात तिथून ऐन, धावडा, मोह, तेंदू सुरू होतात. तिकीटघर नाही. फलक असलाच तर वनखात्याने पाडलेल्या भागाच्या, म्हणजे कक्षाच्या, क्रमांकाचा. पायवाटेवर गुरांच्या खुरांचे ठसे, सकाळी मोळी घेऊन परतणाऱ्या बाया, आणि दुपारी सातभाईंचा कलकलाट सोडला तर फारसं काही ऐकू येत नाही.

नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहाही जिल्ह्यांत असं रान आहे. हल्ली शहरातली माणसं मुद्दाम या शांततेसाठी तिथे जातात आणि जावंच. पण पहिल्यांदा आलेल्या माणसाला ते मोकळं, कुणाचंच नसलेलं वाटतं. तसं ते कधीच नव्हतं. तिथल्या जमिनीची कागदावर नोंद आहे, आणि ती नोंद कुणी कशासाठी केली यावरच तिथे कोण शिरेल, कोण काय उचलेल, कोणाची गुरं चरतील हे गेली दीडशे वर्षं ठरत आलं आहे.

१८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला आणि १८५४ मध्ये नागपूरचं भोसल्यांचं राज्य खालसा झालं. १८६१ मध्ये नागपूरकडचा मुलूख धरून मध्य प्रांत बनला. वऱ्हाड मात्र पुढची चाळीस वर्षं वेगळाच राहिला. विदर्भाच्या जंगलाचे दोन वेगळे इतिहास इथूनच सुरू होतात.

भोसल्यांच्या राज्यात मालगुजार हा गावाचा सारा गोळा करून देणारा माणूस. इंग्रजांनी १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात, म्हणजे जमिनीची नोंद करून सारा ठरवण्याच्या कामात, त्यालाच गावाचा मालक करून टाकलं. शेतीसोबत गावातलं पडीक, झाडझाडोरा, तलाव हेही त्याच्या नावे लागलं. गावाच्या गरजेपेक्षा जास्त वाटलेलं जंगल मात्र सरकारने कापून वेगळं काढलं आणि स्वतःकडे ठेवलं. एकाच टेकडीचा माथा सरकारी आणि पायथा मालगुजारी, अशी वाटणी पूर्व विदर्भात झाली ती या काळात.

गावकऱ्यांची गरज मालकी बदलली म्हणून बदलत नव्हती. नांगर-वखराला लाकूड, कुंपणाला काटे, छपराला गवत, चुलीला सरपण, ढोरांना चारा. या सगळ्याला निस्तार म्हणतात. बंदोबस्ताच्या वेळी गावाच्या चालीरीती आणि हक्क ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या दस्तात लिहिले गेले, त्यात निस्तारही आला. आज वनहक्काचा दावा करताना गावं हे जुने कागद रेकॉर्ड रूममधून शोधून आणतात, कारण आपला या रानाशी संबंध होता हे सांगणारा तो सरकारचाच पुरावा आहे.

पूर्व विदर्भात हे रान कुठे उरलं आहे तेही पाहण्यासारखं आहे. वर जंगल, त्याच्या पोटाशी तलाव, तलावाखाली धानाच्या बांध्या. भंडारा-गोंदियाकडचे हे जुने तलाव गोंड राजांच्या काळापासून बांधले गेले आणि त्यात कोहळी समाजाचं कसब मोठं होतं. मालगुजारी गेल्यावर त्यांना माजी मालगुजारी तलाव, थोडक्यात मामा तलाव म्हणू लागले. वरच्या उतारावरचं झुडूप तोडलं की पहिल्या दोन-चार पावसाळ्यांतच तलावात गाळ येतो. ते रान राखण्यात गावाचा स्वार्थ होता, आणि माझ्या मते ते टिकण्याचं हेच मुख्य कारण आहे.

वऱ्हाडात मालगुजार नव्हता. तिथे रयतवारी होती, शेतकरी थेट सरकारला सारा भरायचा आणि जंगल सरकारचं मानलं गेलं. त्याचे वर्ग पाडले गेले: इमारती लाकडाचं, गवताच्या रमण्यांचं आणि बाभूळबनांचं, नुसत्या चराईचं. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलडाण्यात आजही गावाच्या चराईच्या सरकारी जमिनीला सगळे ‘ई-क्लास’ म्हणतात, ती या वर्गवारीची खूण. मेळघाटचा सागवानी डोंगर सोडला तर कापसाच्या वऱ्हाडात गावाजवळ जे थोडं हिरवं उरलं आहे, ते बरंचसं या ई-क्लासवर आहे.

१८६४ मध्ये वनखातं निघालं, १८६५ आणि १८७८ मध्ये वन कायदे झाले. रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली होती आणि रुळांखाली घालायला स्लीपर हवे होते. कायद्याने जंगलाचे जे प्रकार केले ते १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातही राहिले आणि तो अधिनियम अजून लागू आहे. फिरायला जाणाऱ्याने यातला एक फरक लक्षात ठेवावा. राखीव वनात परवानगी दिलेली नसेल ते सगळं मना आहे, विनापरवाना आत शिरणंसुद्धा. संरक्षित वनात मनाई केलेली नसेल ते करता येतं. दोन्ही शेजारी शेजारी असतात आणि झाडं सारखीच दिसतात. हद्द दाखवायला वनखात्याचे दगडी मुनारे असतात, त्यांवरचा चुना पावसाने गेलेला आणि वर वारुळ चढलेलं. गुराख्याला मात्र हद्द झोपेतही सांगता येते. ढोरं मुनाऱ्यापलीकडे गेली की कोंडवाड्यात जायची, हे त्याच्या आजोबापासून चालत आलेलं भय आहे.

या भयाला उघड आव्हान मिळालं ते यवतमाळ जिल्ह्यात. १९३० च्या सविनय कायदेभंगात समुद्रकाठच्या लोकांनी मीठ उचललं. विदर्भाला समुद्र नाही, पण मिठासारखीच अडवून ठेवलेली एक गोष्ट होती, ती म्हणजे राखीव जंगलातलं गवत. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात जाऊन विळ्याने गवत कापलं आणि अटक करून घेतली. पुढे हा जंगल सत्याग्रह मध्य प्रांत-वऱ्हाडात ठिकठिकाणी पसरला. मोठमोठ्या मागण्यांच्या त्या काळात एका पेंढी गवतासाठी माणसं तुरुंगात गेली, कारण गावातल्या प्रत्येक घराला तो प्रश्न रोज सकाळी भेटत होता. पुसदच्या बाजूला फिरताना हे ठाऊक असलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. शाळेच्या पुस्तकात दांडी असते, पुसद क्वचित असतं.

स्वातंत्र्यानंतर पूर्व विदर्भ मध्य प्रदेश राज्यात होता. तिथे १९५० मध्ये मालकी हक्क रद्द करणारा कायदा झाला आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजाऱ्या, जमीनदाऱ्या सरकारजमा झाल्या. कायदा येतो आहे हे दिसताच अनेक मालगुजारांनी आणि जमीनदारांनी उभी झाडं ठेकेदारांना विकून टाकली. सरकारच्या हाती रान आलं तेव्हा त्यातला बराच भाग खुंटांचा होता. आज आपण ज्या जंगलाला जुनं समजतो त्यातली कितीतरी झाडं त्या खुंटांना फुटलेल्या धुमाऱ्यांपासून वाढली आहेत. एकाच बुंध्यातून दोन-तीन खोडं निघालेला ऐन किंवा धावडा दिसला की त्याचं पहिलं खोड कधीतरी तोडलं गेलं होतं असं समजायला हरकत नाही.

मालगुजार गेला, निस्तार राहिला. त्यासाठी गावोगाव निस्तारपत्रक करण्यात आलं: सरपण कुठून, चराई कुठे, मुरूम-माती कुठली, स्मशान कुठे. महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमातही निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांची कलमं आहेत. पुणे-नाशिककडच्या वाचकाला हे शब्द अनोळखी वाटतील, कारण १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात आले ते हे दप्तर सोबत घेऊनच.

त्या दप्तरातच ‘झुडपी जंगल’ ही नोंद होती. मुरमाड, उथळ, शेतीला न चालणारी, बोर-खैर-पळसाची खुरटी जमीन तलाठ्याने या सदरात घातलेली. महसुलाच्या लेखी ती गावाच्या वापराची, चराईची. त्यामुळे वाढत्या गावाला जागा लागली की ती इथूनच मिळाली. शाळा झुडपी जंगलावर, स्मशानभूमी त्याच्यावर, घरंही त्याच्यावर. मग १९८० चा वन संवर्धन कायदा आला, आणि १२ डिसेंबर १९९६ रोजी जंगलतोडीविरुद्धच्या गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारी नोंदीत जंगल असलेली जमीन, मालकी कोणाचीही असो, जंगलच धरायची. नावातच जंगल असलेल्या या जमिनीवरचा सगळा व्यवहार त्यामुळे अडला. पूर्व विदर्भात हा प्रश्न कित्येक निवडणुकांत गाजला.

त्याचा निकाल २२ मे २०२५ रोजी लागला. तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, जे स्वतः अमरावतीचे, यांच्या खंडपीठाने झुडपी जंगल हे वनच असल्याचं स्पष्ट केलं. वादातली जमीन होती ८६,४०९ हेक्टर. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जमिनींना संरक्षण मिळालं, म्हणजे जुन्या शाळा, जुनी घरं हलवायची नाहीत. त्यानंतरच्या वाटपाला मात्र वन कायद्याची चाळणी लागली. कुठल्याही वनाला लागून नसलेले तीन हेक्टरपेक्षा लहान तुकडे संरक्षित वन म्हणून जाहीर करायलाही राज्याला सांगितलं गेलं. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. मोठ्या जंगलाचं कौतुक करणारे पुष्कळ आहेत. गावाच्या आखरामागे पडलेल्या अडीच हेक्टर बोरी-पळसाला कुणी वाली नव्हता, आणि ससा, तितर, घोरपड राहतात ते अशाच तुकड्यांत.

या निकालाच्या कितीतरी आधी गडचिरोलीत वेगळी वाट निघाली होती. इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांत मोठं जंगल आणि गावं बुडणार होती. त्याविरुद्ध १९८४ च्या सुमारास ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभं राहिलं. बाबा आमटे आणि आदिवासी नेते लाल श्याम शहा त्यात होते. या वातावरणात धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंडांचं छोटं गाव आपल्या जंगलाचा विचार करू लागलं. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं त्या कामाशी जोडलेली आहेत. निर्णय बहुमताने घ्यायचा नाही, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत राहायचं, ही गावाची रीत. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा इथली.

२००६ मध्ये वनहक्क कायदा संमत झाला, २००८ च्या सुरुवातीला नियम आले आणि २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क, म्हणजे सगळ्या गावाने मिळून ते वापरण्याचा आणि राखण्याचा हक्क, मिळाला. कागद हाती आला तरी बांबू विकायला वाहतूक परवाना लागे आणि तो मिळेना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हवाली केलं. त्यानंतर गडचिरोलीत शेकडो गावांना असे हक्क मिळाले. पश्चिमेला, मेळघाटाच्या पायथ्याशी अचलपूर तालुक्यात पायविहीरने उघडी टेकडी हाती घेतली, चराईला स्वतःच आळा घातला, झाडं लावली आणि आता त्या रानातली सीताफळं विकायला जातात.

सरकारी बाजूनेही एक मोठा बदल झाला होता. १९७४ मध्ये वनविकास महामंडळ स्थापन झालं आणि मिश्र जंगल काढून तिथे सागाची लागवड झाली. त्या सागवनातही शांतता आहे, सावली आहे. पण मोह, चारोळी, तेंदू, बेहडा नसलेल्या रानात गावकऱ्याला जायला कारण उरत नाही, आणि गावकऱ्याचं जाणं थांबलं की वणवा लागल्याचं उशिरा कळतं.

मिश्र रानात माणसाचं काम बारकाईने पाहिलं तर जागोजाग दिसतं. मार्च-एप्रिलात मोहाखाली जमीन काळी गोलाकार जळालेली असते. पहाटे गळणारी फुलं पाचोळ्यात हरवू नयेत म्हणून तो जाळतात. ही आग पुढे सरकली की वणवा होतो, म्हणून काही गावांनी ठरवून खराट्याने झाडून घेणं सुरू केलं आहे. मे महिन्यात गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत विडीच्या तेंदूपत्त्याची फळी, म्हणजे पानं गोळा करण्याची जागा, लागते. सत्तर पानांचा एक पुडा, आणि पुड्यांच्या लांबच लांब रांगा उन्हात वाळत घातलेल्या. त्या दिवसांत पहाटे चारला अख्खं घर जंगलात असतं. पाहुण्याने अशा वेळी रानात गोंगाट करणं किंवा फुलांवरून चालत जाणं म्हणजे कुणाच्या तरी वर्षभराच्या मीठ-मिरचीवर पाय देणं आहे.

हा सगळा इतिहास एका कारणाने फिरणाऱ्याच्या थेट कामाचा आहे. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या पट्ट्यात वाघ अभयारण्यात थांबलेला नाही. तो याच फाटक नसलेल्या रानात राहतो, आणि मोह-तेंदूच्या हंगामात माणसं त्याच्या तावडीत सापडून मरतात. कुठली पायवाट सध्या बंद आहे, कुठल्या नाल्यात वाघीण पिलांसह बसली आहे, हे कुठल्याही ॲपवर मिळत नाही. ते वनरक्षकाला आणि गावाला ठाऊक असतं. म्हणून आधी कक्ष राखीव आहे का ते वनरक्षकाला विचारायचं. सामूहिक वनहक्काचं जंगल असेल तर ग्रामसभेला सांगायचं. काही गावांचे आत येण्याचे स्वतःचे नियम आहेत. वाटेवर गावातलं कुणीतरी सोबत घ्यायचं, त्याला त्याच्या दिवसाची मजुरी द्यायची, आणि उन्हं कलायच्या आत गावात परतायचं.