बर्फाच्या लाद्या उचलणारा पोरगा आणि कॉलेज फुटबॉलचा पैसा

जुलै २०२१ पासून अमेरिकेतल्या कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती वगैरे करून कमवायची मुभा मिळाली, आणि जून २०२५ मध्ये कोर्टाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर तर कॉलेजच त्यांना थेट पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षी एका कॉलेजला साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. तिकडची जुनी मंडळी हळहळतायत की खेळातलं पावित्र्य गेलं. होतं कधी ते? शंभर वर्षं मागे जाऊन बघू.

(फुटबॉल म्हणजे तिकडचा, हातात बॉल घेऊन पळायचा आणि एकमेकांना आडवं पाडायचं तो. आपला नव्हे.)

१९२० च्या आसपास तिकडे कॉलेजात शिकणारी पोरं-पोरी मिळून जेमतेम ६ लाख, १९३० पर्यंत ११ लाख. फोर्डची मॉडेल टी ३०० डॉलरच्या आत आलेली, त्यामुळे शनिवारी मॅचला जायचं म्हणजे गाडी काढायची, अंगात रॅकूनच्या कातड्याचा तो घोट्यापर्यंतचा केसाळ कोट, आणि देशात दारूबंदी असली तरी कोटाच्या खिशात चपटी. एवढ्या ढगळ कोटात चपटीच काय अख्खी बाटली मावत असेल म्हणा.

एवढी गर्दी जुन्या लाकडी फळ्यांवर कुठे मावणार, मग सिमेंटची स्टेडियम्स उभी राहायला लागली. स्टॅनफर्ड १९२१, ओहायो स्टेट १९२२, इलिनॉय १९२३. मिशिगनने १९२७ मध्ये आपलं स्टेडियम बांधताना ५०० डॉलरचा एक असे बॉण्ड विकले, आणि बॉण्ड घेणाऱ्याला पुढची दहा वर्षं मैदानाच्या मधोमधच्या सीटची तिकिटं घ्यायचा हक्क. आता मला सांगा, बॉण्डवर व्याज द्यायचंय म्हणजे दर शनिवारी स्टेडियम भरलंच पाहिजे, आणि ते भरायला स्टार पाहिजे.

इलिनॉयला असा स्टार मिळाला तो हॅरॉल्ड 'रेड' ग्रेंज. शिकागोजवळच्या व्हीटन गावचा, उन्हाळ्याच्या सुट्टीत घरोघरी बर्फाच्या लाद्या पोचवायचा, तेच त्याचं जिम. १८ ऑक्टोबर १९२४ ला इलिनॉयच्या नव्या स्टेडियमचं रीतसर लोकार्पण होतं, खांबांवर पहिल्या महायुद्धात गेलेल्या विद्यार्थ्यांची नावं, समोर मिशिगन, आणि सदुसष्ट हजारांच्या आसपास पब्लिक. मिशिगनने मारलेली पहिलीच किक ग्रेंजने झेलली आणि ९५ यार्ड पळत थेट टचडाऊन (म्हणजे बॉल घेऊन समोरच्या टीमच्या टोकाची रेषा पार करणं). मग ६७ यार्ड, मग ५६, मग ४४. बारा मिनिटांत चार! लोक अजून सीट शोधत असतील तेवढ्यात मॅच संपल्यात जमा. शेवटी ३९-१४.

पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९२५ मध्ये, कॉलेजची शेवटची मॅच झाल्या झाल्या ग्रेंज डिग्री सोडून शिकागो बेअर्स या प्रोफेशनल टीमला जाऊन मिळाला. हे जुळवून आणलं सी. सी. पाइल नावाच्या थिएटरमालकाने, लोक त्याला 'कॅश अँड कॅरी' म्हणायचे यातच सगळं आलं. पाच दिवसांत पहिली प्रोफेशनल मॅच आणि मग दोन-सव्वादोन महिन्यांत १९ मॅचेसचा दौरा, न्यूयॉर्कमध्ये एका मॅचला सत्तर हजार लोक. ग्रेंजचे कॉलेजातले कोच बॉब झुपकी भयंकर चिडलेले, पैशासाठी खेळणं म्हणजे खेळ बाटवणं. ग्रेंजचं म्हणणं साधं होतं, तुम्ही शिकवायचा पगार घेता, मग मी खेळायचा घेतला तर काय बिघडलं? मला तरी याच्यावरचं उत्तर आजवर सापडलेलं नाही. प्रोफेशनल टीम्सच्या लीगने मात्र लगेच नियम केला की ज्याच्या बॅचची डिग्री झालेली नाही असा पोरगा टीममध्ये घ्यायचा नाही.

आणि ज्यांच्या वाट्याला ना पैसा ना हेडलाइन, असेही होते. जॅक ट्राइस, आयोवा स्टेटचा पहिला काळा खेळाडू. ऑक्टोबर १९२३ मध्ये मिनेसोटाविरुद्धच्या मॅचच्या आदल्या रात्री हॉटेलच्या कागदावर त्याने लिहिलं की माझ्या वंशाची, घरच्यांची आणि माझी स्वतःची अब्रू पणाला लागलीये. मॅचमध्ये तो खाली पडला, अंगावरून लोक तुडवून गेले, आणि दोन दिवसांनी गेला. वय २१. तो कागद त्याच्या कोटाच्या खिशात सापडला. आज त्या कॉलेजचं स्टेडियम त्याच्याच नावाने आहे, पण ते नाव द्यायला १९९७ उजाडलं.

दशक संपता संपता कार्नेगी फाउंडेशन या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेने शंभरावर कॉलेजांमध्ये जाऊन चौकशी केली आणि ऑक्टोबर १९२९ मध्ये जाडजूड रिपोर्ट छापला: बहुतेक ठिकाणी खेळाडूंना या ना त्या वाटेने आमिष दाखवून आणलं जातंय, नावापुरत्या नोकऱ्या, माजी विद्यार्थ्यांनी गुपचूप दिलेले पैसे, वगैरे. कॉलेजांनी कानावर हात ठेवले. पेपरांत दोन-चार दिवस गाजलं, तेवढ्यात शेअर बाजार कोसळला.