गांडूळ तुटलं की दोन होत नाहीत

पाऊस लागून जमीन मऊ झाली की फावड्याखाली गांडूळ तुटतंच. दोन्ही तुकडे वळवळताना दिसले की बांधावरचं कोणीतरी सांगतं, 'झाले एकाचे दोन!' वळवळण्यावर जाऊ नये. गांडुळाच्या प्रत्येक वलयात चेतापेशींची वेगळी गाठ असते. मेंदूशी संबंध तुटला तरी ती स्नायू हलवत राहते.

मग कधीकधी तुटलेला भाग परत वाढतो, तो कसा? हे नीट उलगडलंय ते गांडुळाच्या समुद्रातल्या भाऊबंदांत. प्लॅटिनेरिस हा काही सेंटिमीटर लांबीचा किडा त्यासाठी प्रयोगशाळांत मुद्दाम पाळतात. त्याच्या शेपटीचं शेवटचं टोक, जिथे गुदद्वार असतं, ते मुळात वलयच नव्हे. त्या टोकाच्या लगेच पुढे सतत विभागणाऱ्या पेशींचं एक कडं असतं आणि नवं वलय फक्त तिथेच तयार होतं. म्हणून थोरली वलयं डोक्याकडे, धाकटी शेपटीकडे. शेपूट कापली तर हे कडंही जातं. दिवसाभरात जखम बुजते, तिथे पेशींचा गोळा जमतो. पुढचा क्रम मजेदार आहे. आधी टोक बनतं, मग टोक आणि जुनं शरीर यांच्यामध्ये कडं बसतं, आणि त्यानंतर वलयं. साधारण पाचव्या दिवशी ती ओळखू येऊ लागतात. यालाही अट आहे: मेंदूतून मेथिल फार्नेसोएट हे संप्रेरक पाझरत असायला हवं. प्रजननाची वेळ आली की ते घटतं आणि शेपूट परत येणंही थांबतं. अंडी किंवा शुक्राणू पाण्यात सोडले की किडा मरतोच.

डोकं मात्र प्लॅटिनेरिसला परत बनवता येत नाही. उलट डोडेकासेरिया या समुद्री किड्याच्या एका सुट्या वलयातून अख्खा प्राणी उभा राहतो.

गांडूळ यांच्या मधलं. शाळेच्या पुस्तकातल्या फेरेटिमा या गांडुळाला 100 ते 120 वलयं असतात, त्यांतल्या 14 ते 16 वर मेखला, म्हणजे अंगाभोवतीचा जाडसर पट्टा. तुटताना मेखला आणि तिच्यामागचा बराच भाग पुढच्या तुकड्याकडे राहिला, तर शेपूट येऊ शकते. मागच्या तुकड्याची गत वाईट. पुढे फळमाशीवरच्या कामासाठी नोबेल मिळवणाऱ्या थॉमस हंट मॉर्गन यांनी 1899 मध्ये दाखवलं की अशा तुकड्याला कधीकधी डोक्याच्या जागी दुसरी शेपूटच फुटते. दोन शेपट्या, तोंड नाही, उपाशी मरतं. (मांडुळाला दोन तोंडं समजून लाखोंचा सौदा करायला निघणाऱ्यांनीही बघावं: तिथेही दुसरं तोंड म्हणजे बोथट शेपूटच.)

तेव्हा गांडूळखताच्या बेडात 'तोडून वाढवा' असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. खताची आयसेनिया गांडुळं वाढतात ती अंड्यांच्या कोशांतून. पारा 45 वर जातो तेव्हा बेडवर सावली आणि ओलं बारदान नसेल, किंवा आत ताजं, गरम होणारं शेण पडलं, तर जिवंत आहेत तीही जातात.

आता नातं. प्लॅटिनेरिससारखे समुद्री किडे म्हणजे पॉलिकीट, गांडुळं आणि जळवा हे तीन वर्ग आपण पाठ केले. डीएनएने सांगितलं की मेखलावाले गांडूळ आणि जळू ही पॉलिकीटांच्याच झाडाची एक फांदी. त्यांना वगळून 'पॉलिकीट' वर्ग मांडणं म्हणजे नागपूरला राहायला गेलेल्या भावाचं नाव वंशावळीतून खोडणं. 2011 मध्ये या झाडाचा मोठा भाग नव्याने दोन गटांत मांडला गेला: भटके इरँशिया, त्यात प्लॅटिनेरिस, आणि बिळात-नळीत बसणारे सेडेंटेरिया, त्यात डोडेकासेरिया. गांडूळ या दुसऱ्या गटात पडतं.

जळूही त्याच फांदीवर, पण तिच्या वलयांची संख्या अंड्यातच ठरते, मोजण्याच्या पद्धतीनुसार 32 ते 34. नंतर एकही वाढत नाही. रोवणीच्या वेळी बांधीत पायाला चिकटलेली जळू विळ्याने कापली, तर तिची शेपूटसुद्धा परत येत नाही.